डॅनिश पडद्यावरचे परदेशस्थ: परतीचं तिकीट कुणाच्या खिशात?

रानजाई

डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. तरी तिथल्या सिनेमा-मालिकांत घरापासून लांब पडलेल्या माणसांची केवढी गर्दी! कुणी अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये बंदूक घेऊन, कुणी टांझानियात मदतकार्याला, कुणी स्वीडनहून बोटीने आलेलं, कुणी काबूलहून मॉस्कोमार्गे. हे सगळं जमेल तसं बघत आलेय आणि एक गोष्ट सारखी खटकतेय, ती इथे मांडते. पटली नाही तर भांडा. (पुढे कथानकं फुटणार आहेत. चालत नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

या गोष्टींत दोन जातींची माणसं असतात. एकाच्या खिशात परतीचं तिकीट असतं, दुसऱ्याच्या नसतं. बाहेर जाणारा डॅनिश माणूस बहुधा पहिला. परमुलखात त्याला प्रश्न पडतात ते विवेकाचे: मी इथे काय करतोय, मी भला माणूस आहे का. डेन्मार्कात येणारा बहुधा दुसरा. त्याला प्रश्न पडतो तो आज रात्री टेकायचं कुठे हा.

पहिल्याचा नमुना म्हणजे सुझॅन बीअरचा 'आफ्टर द वेडिंग' (२००६). मॅड्स मिकेल्सनचा याकोब भारतात अनाथाश्रम चालवतो. पैसे संपत आलेत, म्हणून देणगीदाराला भेटायला कोपनहेगनला जातो आणि त्या श्रीमंत यॉर्गेनच्या घरच्या लग्नात अडकतो. पुढचं सगळं नाट्य डेन्मार्कातल्या बंगल्यात: जुनी प्रेयसी, माहीत नसलेली मुलगी, मरणाच्या दारात उभा असलेला यजमान. पैसे मिळतात, पण तू इथेच राहायचं या अटीवर. शेवटी याकोब भारतात येऊन ज्याला लहानाचं मोठं केलं त्या पोराला विचारतो, माझ्याबरोबर येतोस का? पोरगा नाही म्हणतो. मला अख्ख्या सिनेमात ते एक उत्तर सगळ्यात खरं वाटलं. बाकी आपला देश म्हणजे पिवळसर उजेड, गर्दी आणि गोड मुलं.

त्याच बाईंचा 'इन अ बेटर वर्ल्ड' (२०१०), ज्याला ऑस्कर मिळालं. डॉक्टर अँतोन आफ्रिकेतल्या निर्वासित छावणीत काम करतो आणि मधून मधून घरी येतो. इथे गॅरेजवाला त्याला थोबाडीत मारतो, तिथे बायकांची पोटं फाडणारा गुंडांचा म्होरक्या उपचाराला येतो. अहिंसेची परीक्षा दोन्हीकडे. मिकाएल पेर्सब्रांट काम झकास करतो, पण देशाला नाव नाही आणि तिथल्या कुणाला धड व्यक्तिमत्त्व नाही. छावणी ही अँतोनची परीक्षा घ्यायला बांधलेली शाळा वाटते.

आणि दुसऱ्या जातीचा बाप म्हणजे 'पेले द काँकरर' (१९८७). बिले ऑगस्टचा. कान महोत्सवात पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक, मग ऑस्कर. म्हातारा विधुर लासे आणि त्याचा पोरगा पेले स्वीडनहून डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावर उतरतात. बोटीत बापाने केवढी स्वप्नं दाखवलेली असतात! तिथे पोरांना काम नसतं, दिवसभर खेळायचं. धक्क्यावर उतरल्यावर शेतमालक येऊन माणसं निवडतात. बाप फार म्हातारा, पोरगं फार लहान. सगळे निघून जातात आणि हे दोघं उरतात. माक्स फॉन सीदोने तिथे नुसतं उभं राहून जे केलंय ते बघाच.

आज स्वीडन म्हटलं की आपल्याला समृद्धी आठवते. एकोणिसाव्या शतकात तिथले भुकेले लोक डेन्मार्कात गडी म्हणून राबायला येत आणि 'स्वीडिश' ही शिवी असे. मार्टिन आनर्सन नेक्सोची मूळ कादंबरी १९०६ ते १९१० मध्ये आली. त्याचं बालपण बोर्नहोमवरच गेलं होतं.

तुम्ही काय काय पाहिलंय?

मंदार_क

वाखु (वाचनखूण) साठवली. पेले पाहिला आहे. आम्ही बीडकडचे, त्यामुळे धक्क्यावरची ती निवड आणि नंतर मुकादमाच्या धाकात राबणं बघताना ऊसतोडीचे तळ डोळ्यांसमोर आले. लासेचं स्वप्न तरी केवढं, रविवारी सकाळी अंथरुणात कुणीतरी कॉफी आणून द्यावी! तेही मिळत नाही. ज्या बाईकडून मिळणार असतं तिचा मेलेला समजलेला दर्यावर्दी नवरा परत येतो.

आर्हुसकर

धागा छान. मी इथे डेन्मार्कात नोकरीला आहे, म्हणून दोन गोष्टी इथल्या बाजूने.

रानजाई, तुमचं तिकिटाचं सूत्र डॅनिश लोकांनाही उमगलंय असं वाटतं, कारण थॉमस विंटरबर्गने ते चक्क उलटं करून दाखवलं. 'फॅमिलीज लाइक अवर्स' (२०२४), सात भागांची मालिका. समुद्राची पातळी वाढतेय म्हणून डेन्मार्क देश बंद करायचा ठरतो. हो, बंद. दुकान बंद करतात तसा. साठ लाख लोकांनी दुसरीकडे कुठेतरी जायचं.

यात महापूर नाही. इमारती कोसळत नाहीत, लाटा येत नाहीत. आहे ती फक्त कागदपत्रं. घराची किंमत एका रात्रीत शून्य. ज्यांना आधी कुणकुण लागली ते आधी विकून मोकळे. कुणाला पॅरिस मिळतं, कुणाला बुखारेस्ट. लॉरा नावाची बारावीच्या वयाची मुलगी: वडील पॅरिसला चाललेत, आई बुखारेस्टला, आणि नुकतंच प्रेम जमलेला मुलगा फिनलंडला. तिने एक निवडायचं. निकोलाय ली कोस तिचा बाप आहे, पाप्रिका स्टीन आई. सगळी सुशिक्षित, सभ्य, भांडताना आवाज न चढवणारी माणसं, आणि बघता बघता खिडकीपाशी रांगेत उभी राहून कुठल्या तरी कारकुनाचा मूड ओळखायला शिकतात.

इथे पार्श्वभूमी सांगायला हवी. २०१६ च्या जानेवारीत इथल्या संसदेने कायदा केला, की आश्रयाला आलेल्या माणसाकडची १०,००० क्रोनरच्या वरची रोकड आणि मौल्यवान वस्तू त्याच्या खर्चापोटी जप्त करता येतील. लग्नाची अंगठी वगैरे भावनिक वस्तू वगळल्या होत्या, पण लोकांच्या तोंडी तो 'दागिन्यांचा कायदा' म्हणूनच राहिला. हे माहीत असेल तर मालिकेतला प्रत्येक फॉर्म वेगळाच दिसतो. विंटरबर्ग भाषण देत नाही. तो फक्त खिडकीच्या अलीकडची आणि पलीकडची माणसं बदलतो.

तक्रार एकच. मधले दोन भाग लॉराच्या मागे फरपटतात, आणि ती घेते त्यातले काही निर्णय केवळ गोष्ट लांबावी म्हणून घेते.

तांडेल

'अ हायजॅकिंग' (२०१२) अजून कुणी काढला नाही? मग मीच काढतो. मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, एडनच्या आखातातून सोमाली चाच्यांच्या त्या वाईट वर्षांतही गेलोय. रेलिंगला काटेरी तारा, पाण्याचे होज रात्रभर चालू, ब्रिजवर जादा पहारा, आणि काही झालंच तर सगळ्यांनी कुठे कोंडून घ्यायचं त्याची तालीम. त्यामुळे हा सिनेमा बघताना मी टीकाकार नव्हतो, परीक्षक होतो.

पास. टोबियास लिंडहोल्मने पहिली अक्कल ही दाखवली, की चाचे जहाजावर चढतात ते दाखवलंच नाही. बातमी आपल्याला कोपनहेगनच्या ऑफिसात कळते, जशी ती घरच्यांना कळते. मग एकीकडे जहाजावरचा कुक मिकेल (पिलू आसबेक) आणि दुसरीकडे कंपनीचा मुख्य पेटर (सोरेन मालिंग). मध्ये फोन. मागणी दीड कोटी डॉलर, कंपनीचा पहिला आकडा अडीच लाख. अननुभवी प्रेक्षकाला वाटतं, काय हे निर्दयी लोक! पण लगेच मोठा आकडा दिला तर समोरच्याला कळतं की अजून पिळता येईल, आणि सुटका जवळ यायच्या ऐवजी लांबते. कंपनीने घासाघिशीसाठी आणलेला सल्लागार हे शांतपणे सांगतो. तो नट नाही, त्याच क्षेत्रातला खरा माणूस आहे, गॅरी स्कोल्डमोसे पोर्टर. बोलण्यावरून कळतंच.

जहाजही खरंच आहे. 'रोझेन' हे जहाज २००७ मध्ये खरोखर पळवलं गेलं होतं. ते जिने, तो गंज, गॅलीतली (जहाजावरच्या स्वयंपाकघरातली) ती अरुंद जागा, सगळं ओळखीचं. त्याच वर्षी 'डानिका व्हाइट' हे डॅनिश जहाजही पकडलं गेलं आणि खलाशी ८३ दिवसांनी सुटले. म्हणजे डॅनिश प्रेक्षकाला हे लांबचं नव्हतं.

खोट एवढीच काढीन. गोष्ट मिकेलची आणि त्याच्या डॅनिश जोडीदाराची. बाकीचे खलाशी पडद्यावर नसल्यात जमा. जगातल्या बहुतेक जहाजांवर त्या 'बाकीच्यां'मध्ये आपली आणि फिलिपिनो पोरं असतात. 'अस्फाल्ट व्हेंचर' आठवतंय का? २०१० मध्ये धरलं, १५ च्या १५ भारतीय. २०११ मध्ये खंडणी पोचली तरी सात जणांना ठेवून घेतलं, कारण आपल्या नौदलाने पकडलेले चाचे त्यांना सोडवून हवे होते. ते सात जण २०१४ च्या ऑक्टोबरअखेर सुटले. चार वर्षं! त्यांच्या घरच्यांच्या फोनवर कुणी सिनेमा काढला नाही.

रानजाईताई, तुमच्या सूत्रात मिकेल कुठे बसतो? तिकीट आहे, पण ते दुसऱ्याच्या टेबलावर आहे आणि घासाघीस चालू आहे.

रानजाई

काका, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, पण सूत्राला फार कामाचा आहे. पेटरला माणुसकी दाखवायची तर आकडा वाढवावा लागतो, आणि आकडा वाढवला तर मिकेलचे दिवस वाढतात. मासा सापडल्यावर चाचे आणि खलाशी मिळून नाचतात-गातात तो प्रसंग तर मला धमकीच्या प्रसंगांपेक्षा जास्त भीतीदायक वाटला.

बोरूबहाद्दर

सूत्र आकर्षक आहे, म्हणूनच संशय येतो. दोन उदाहरणे देतो, दोन्ही त्यात बसत नाहीत.

पहिले 'बॅबेट्स फीस्ट' (१९८७, गॅब्रिएल अक्सेल). परदेशी भाषेतील चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा पहिला डॅनिश चित्रपट, आणि पुढच्याच वर्षी 'पेले'ला तेच पारितोषिक. म्हणजे डेन्मार्कने लागोपाठ दोन वर्षे ऑस्कर मिळवले ते परक्या देशातून आलेल्या माणसांच्या कथांवर. बॅबेट १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे तिथल्या बंडाच्या वेळच्या, कत्तलीतून जीव वाचवून किनाऱ्यावरील खेड्यात येते. दोन धर्मनिष्ठ, अविवाहित बहिणींकडे चौदा वर्षे बिनपगारी स्वयंपाक करते. वाळवलेला मासा आणि पाव-बिअरचे पेज. मग तिला १०,००० फ्रँकची लॉटरी लागते. आता बघा, तुमचे ते परतीचे तिकीट अक्षरशः हातात आले. ती काय करते? सगळे पैसे एका जेवणावर उडवते. कासवाचे सूप, कॅव्हिआरसह ब्लिनी, पेस्ट्रीच्या पेटीत बसवलेले लावे, उत्तम वाइन. बारा माणसे जेवतात. त्यातील एक सेनाधिकारी सोडला तर कुणाला काय खातोय हे कळतही नाही, कारण चवीबद्दल अवाक्षर काढायचे नाही असे बाकीच्यांनी आधीच ठरवलेले असते. म्हणजे तिने तिकीट शिजवून वाढले. ही निराश्रिताची कथा नव्हे, कलावंताची आहे.

मूळ कथा कारेन ब्लिक्सेन यांची, आणि ती घडते नॉर्वेत. चित्रपटाने ती डेन्मार्कातील युटलंडला आणली. ब्लिक्सेनबाई स्वतः १९१४ ते १९३१ केनियात कॉफीचा मळा चालवून, तो बुडवून, मायदेशी परतलेल्या. गमावून आलेल्या बाईने गमावून आलेल्या बाईची गोष्ट लिहिली आहे.

दुसरे 'अ रॉयल अफेअर' (२०१२). कॅरोलिन मॅथिल्ड ही इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची बहीण. १७६६ मध्ये पंधराव्या वर्षी डेन्मार्कच्या वेडसर राजाला दिली. तिचा प्रियकर, राजवैद्य स्ट्रुएन्से, तोही जर्मन. त्याचा १७७२ मध्ये शिरच्छेद झाला, हिला जर्मनीत त्सेल्ले येथे धाडले, आणि तेविसाव्या वर्षी ती तिथे वारली. राजकन्या असून तिकीट नाही. तेव्हा प्रश्न देशाचा नसून बाईचा आहे, असे मी म्हणेन.

शेवंती

बोरूबहाद्दर, शेवटच्या वाक्याला +१, आणि एकदा तुमच्याशी सहमत झाल्याची नोंद इथे राहू दे.

त्याच धाग्याने माहितीपट सुचवते. यानुस मेट्झ आणि सिने प्लाम्बेक यांचा 'हार्टबाउंड' (२०१८). युटलंडच्या वायव्य टोकाला थ्यू नावाचा वाऱ्याचा, कोळ्यांचा आणि शेतकऱ्यांचा भाग. तिथल्या एकट्या पुरुषांशी लग्न करून ईशान्य थायलंडच्या खेड्यातल्या बायका येतात. आधी आलेली बाई पुढच्यांची लग्नं जुळवून देते. दहा वर्षं कॅमेरा या चार जोडप्यांमागे आहे, म्हणून निवाडा करायची घाई नाही. सुरुवातीला वाटतं हा सौदा आहे. मग त्याच सौद्यात माया येते, आजारपण येतं, मागे ठेवलेली मुलं मोठी होऊन येतात आणि आईशी धड बोलत नाहीत. पैसे इकडून तिकडे जातात, गावी पक्कं घर उठतं, आणि त्या घरात राहायचं कधी हे ठरत नाही.

कथापटात हवं असेल तर 'रोसिता' (२०१५): फिलिपिन्सहून हिर्टशाल्सच्या कोळ्याशी लग्न करायला आलेली मुलगी, आणि दुभाष्या म्हणून मध्ये त्याचा तरुण मुलगा. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. छोटा सिनेमा, फार अपेक्षा नकोत.

फिरस्ता

'लिबर्टी' (२०१८) कुणी? डॅनिश सरकारी वाहिनी डीआरची पाच भागांची मालिका. याकोब अयेर्सबोच्या आफ्रिका त्रयीतल्या कादंबरीवर. तो २००८ मध्ये गेला, पुस्तकं नंतर आली. त्याचं बालपण काही काळ टांझानियात मोशीत गेलं होतं.

ऐंशीचं दशक, किलिमांजारोच्या पायथ्याशी डॅनिश मदत-प्रकल्पांवरची कुटुंबं. दिवसा विकास, संध्याकाळी दारू आणि एकमेकांच्या बायका. ख्रिस्तियान हा डॅनिश मुलगा आणि मार्कस हा तिथला मुलगा यांची मैत्री. दोघं मिळून धंदा करायला बघतात, आणि नुकसान कुणाला झेपतं नि कुणाला झेपत नाही हे हळूहळू उघड होतं. रानजाई, तुमचं तिकीट इथे अगदी सोळा आणे आहे. ख्रिस्तियान हा खेळ हरला तरी खेळाडूच राहतो. बीअरबाईंच्या सिनेमातल्या भल्या डॉक्टरला उतारा म्हणून ही मालिका बघावी. मी स्वतः पूर्व आफ्रिकेत प्रकल्पावर राहिलोय, त्या पार्ट्यांची वर्णनं सौम्यच आहेत.

उदबत्ती

'हेरेन्स वाये' म्हणजे 'राइड अपॉन द स्टॉर्म' या मालिकेतही एक भाऊ युद्धभूमीवर सैन्याचा पाद्री होऊन जातो नि कोसळून परत येतो, आणि दुसरा भाऊ नेपाळात जाऊन शांती घेऊन येतो. हिमालयाने गोऱ्यांना आणखी किती वर्षं शांती पुरवायची आहे, कुणी कंत्राट बघून सांगेल का? बापाचं काम करणाऱ्या लार्स मिकेल्सनसाठी मात्र बघावी. त्या बापाला इंटरनॅशनल एमी उगाच नाही मिळालं.

रानजाई

उदबत्ती :D

युद्धाचा विषय निघालाच आहे तर 'अ वॉर' (२०१५). पुन्हा लिंडहोल्म, पुन्हा आसबेक. हेल्मंडमधला कंपनी कमांडर. एक अफगाण कुटुंब तळावर आश्रय मागायला येतं, रात्री तालिबान येतील म्हणतं. हा परत पाठवतो. दुसऱ्या दिवशी ते सगळे मेलेले. मग गोळीबारात अडकल्यावर आपला जखमी जवान वाचवायला तो विमानातून बॉम्ब मागवतो, शत्रू तिथेच आहे याची खात्री न करता. अकरा नागरिक मरतात. अर्धा सिनेमा संपला की तो घरी आणि कोर्टात.

बोरूबहाद्दर, माझं सूत्र इथे पारखून बघा. कमांडरला तिकीट आहे, वकील आहे, जवळच्यासाठी खोटी साक्ष देणारा जवान आहे. तो सुटतो. नंतर घरी झोपलेल्या मुलाचे पाय पांघरुणाबाहेर आलेले दिसतात, आणि तसेच पाय आपण आधी त्या अफगाण घरात पाहिलेले असतात. लिंडहोल्म त्याला दोषी ठरवत नाही, माफही करत नाही. बीअर आणि लिंडहोल्म यांच्यातला फरक मला हाच वाटतो. तिचा नायक आतून साफ होऊन घरी येतो, याचा फक्त घरी येतो.

बॅबेटबद्दल: कबूल, ती सूत्रात बसत नाही. पण 'पॅरिसमध्ये माझं आता कुणी उरलं नाही' हे तिथे आहेच ना? पैसे होते, पोचायला जागा नव्हती. कॅरोलिनचं म्हणाल तर ती लग्नाच्या बोटीतून आलेली परदेशी बाई, शेवंतीच्या थ्यूमधल्या बायकांचीच थोरली बहीण.

आर्हुसकर

'फ्ली' (२०२१) राहिला. तो राहून चालणार नाही.

दिग्दर्शक योनास पोहेर रासमुसेन आणि अमीन (खरं नाव नाही) शाळकरी वयापासूनचे मित्र. अमीन अफगाणिस्तानातून एकटा आलेला, घरचे सगळे मारले गेले असं सांगणारा मुलगा. पुढे मोठेपणी तो मित्रासमोर डोळे मिटून आडवा होतो आणि खरं सांगतो: घरचे जिवंत आहेत. तस्करांनी पढवलेली गोष्ट बदलली तर परत पाठवतील, या भीतीने तो खोटं धरून मोठा झाला. ओळख लपवायची म्हणून सिनेमा अ‍ॅनिमेशनमध्ये, मध्ये मध्ये खऱ्या बातम्यांची चित्रं. ऑस्करला माहितीपट, अ‍ॅनिमेशन आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशी तिन्ही नामांकनं एकाच सिनेमाला, आणि असं पहिल्यांदाच घडलं.

एक प्रसंग सांगतो. बाल्टिक समुद्रात त्यांची बोट पाण्याने भरतेय आणि समोर पांढरीशुभ्र, दिव्यांनी झगमगणारी क्रूझ येते. सगळे आनंदाने ओरडतात. वरून पर्यटक फोटो काढतात. मग ध्वनिक्षेपकावरून कळतं, एस्टोनियाच्या पोलिसांना कळवलंय, ते तुम्हाला घेऊन जातील. अमीनला तेव्हा वाटते ती लाज. तिकीटवाले आणि बिनतिकीटवाले एकाच चौकटीत, रानजाई.

आणखी एक, कारण बाहेरून येणाऱ्यांत आपण ग्रीनलंड विसरतोय. 'द एक्स्पेरिमेंट' (२०१०). १९५१ मध्ये ग्रीनलंडमधली २२ मुलं 'छोटे डॅनिश' घडवायला डेन्मार्कला आणली. सहा जणांना इथेच दत्तक दिलं. सोळा परत गेली ती आईबाप असूनही नूकमधल्या बालगृहात, आणि तोवर स्वतःची भाषा विसरलेली. म्हणजे परतीचं तिकीट मिळालं आणि घर मिळालं नाही. सिनेमा जरा पुस्तकी आहे, पण तो आल्यावर या विषयावर इथे बोलणं वाढलं. सरकारची माफी २०२० मध्ये आली, हयात सहा जणांना नुकसानभरपाई २०२२ मध्ये.

बोरूबहाद्दर

'फ्ली' व 'द एक्स्पेरिमेंट' ही उदाहरणे मान्य. सूत्रात एक दुरुस्ती सुचवतो: तिकीट कुणाकडे आहे यापेक्षा ते तपासणारा कोण आहे, हे पाहावे. पेटर, यॉर्गेन, एस्टोनियाचे पोलीस, मालिकेतील कारकून. या चित्रपटांतील सर्वांत नीट लिहिलेली पात्रे तीच आहेत.

तांडेल

हे बरोबर बोललात.

मंदार_क

सगळ्यांना एक प्रश्न. आई आलीय राहायला. तिला सबटायटल वाचायला जमतं, मारामारी आवडत नाही. यातलं सुरुवातीला काय दाखवू?

शेवंती

बॅबेट. डोळे मिटून.

मंदार_क

आई माळकरी आहे.

शेवंती

मग जिवंत कासव बोटीतून उतरतं तेवढं आधी सांगून ठेव, आणि लाव्यांच्या वेळी चहा ठेवायला जा म्हणावं. बाकी त्या दोघी बहिणींचं तिला पूर्ण पटेल.

आर्हुसकर

नाहीतर 'फॅमिलीज लाइक अवर्स'. सात भाग आहेत, आठवडाभर पुरेल. फक्त पहिला भाग रात्री उशिरा लावू नका, घराच्या कर्जाचा विषय निघतो.